तिरपा छेद

रायबंदरच्या त्या तीनमजली लाकडी घरासाठी
एक भिंत काढायची होती मला कागदावर.
पलीकडे कायतान पदेराची भट्टी, रात्री दोनला पेटणारी.
अलीकडे माट्टीचे खांब, सागाच्या तुळया,
फळ्यांच्या जमिनी, फळ्यांचा जिना,
काड्यापेटी उभी धरावी तसं घर.

"भिंत ती भिंत," एर्मेलिंदाबाई म्हणाल्या,
"तिचा कसला नकाशा?"

म्हटलं, ही भिंत तुमच्या घराची नाही.
घरानं तिला टेकलं तर चालेल,
तिनं घराला टेकायचं नाही.
एक बाजू जळून खाली बसली
तरी तिनं उभं राहायचं. एकटीनं. चार तास.

"आणि मग?"

मग बंब येतो. किंवा पहाट होते.

चिरे पेडण्याहून आले, ओले, करवतीला मऊ.
त्यांना महिनाभर वारा खाऊ दिला.
पायापासून कौलांपर्यंत, आणि कौलांच्याही वर अडीच फूट,
कारण ज्वाळेला छपरावरून वाकून
शेजारी डोकवायची सवय असते.
बाईंना ते वरचं डोकं आवडलं नाही.
त्यांना हवी होती हातभर खिडकी,
भट्टीतली पोय गरम गरम इकडेच घ्यायला.
हातभरच, त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, हातभर भोक असलेल्या हंडीला
हंडी म्हणता का तुम्ही?
दोन दिवस त्यांनी मला चहा विचारला नाही.

पण खरा रुसला तो शाबी च्यारी.

मी तुळईचं टोक काढून दाखवलं.
भिंतीच्या खिशात ते चार बोटं बसेल,
आरपार नाही, मागे चिरा राहिलाच पाहिजे.
आणि वरचा कोपरा छाटायचा, तिरपा,
तळ लांब, माथा आखूड.

"बाय, हें कित्याक?"

चौकोनी टोक, मी म्हटलं, तुळई मधे मोडली
की आतल्या आत पहार होतं.
वरचे चिरे उचकटतं,
पडताना भिंतीला सोबत घेतं.
तिरपं टोक निसटतं.
जायचं ते एकटं जातं.

शाबीनं पेन्सिल कानामागे खोचली.
"चाळीस वर्षां," म्हणाला,
"सांधो सुटचो न्हय म्हूण रंधो मारलो.
आतां तूं सांगतां, सुटपाचो सांधो कर."

उत्तर होतं माझ्याकडे, आकड्यांत.
आकडे मी पिशवीतच ठेवले.

तो आला नाही दुसऱ्या दिवशी. तिसऱ्याही.
चौथ्या दिवशी आला तो खिशात सागाच्या दोन कांड्या घेऊन,
एक चौकोनी, एक तिरपी,
मधे जळून काळ्या झालेल्या.
घरामागं चिऱ्याचे तुकडे एकावर एक रचून
त्यानं स्वतःच आग लावून बघितली होती.
पहिल्या खेपेला सगळं आडवं.
दुसऱ्या खेपेचं सांगताना
त्यानं हाताचा पंजा उभा धरला, हलवला नाही.
"वासो पडलो," म्हणाला. "ती रावली."

अडतीस तुळया. अडतीस तिरपे छेद.
रंधा इतका साफ, जणू ते दिवाणखान्यात दिसणार होते.
प्रत्येक टोकावर क्रमांक,
आणि क्रमांकाखाली एक बारीक खूण,
ती कसली हे मी विचारलं नाही.
चुन्यात बसल्यावर ती कुणाला दिसायची नव्हती.
दिसलीच तर एका रात्रीच दिसेल,
आणि त्या रात्री तिच्याकडे बघायला
कुणाला सवड नसेल.

सहा वर्षं झाली. काही पेटलेलं नाही.
लाकूड तीन मजल्यांत मिळून अर्धा इंच खाली बसलं,
भिंत बसली नाही. मधल्या फटीत
मी सोडलेली जागा होती, ती पुरली.
भट्टीच्या उबेनं चिरा कोमट राहतो
म्हणून बाई त्याच्यासमोर दोरी बांधून
पावसाळ्यात चादरी वाळवतात.

आणि रोज सकाळी पदेराचा पोरगा
भिंतीपलीकडून सायकल काढतो,
देवळापर्यंत जातो, वळतो,
कपेलाकडून खाली उतरतो,
पों पों करत बाईंच्या दारात थांबतो.
सरळ मोजलं तर चौदा इंच.
बाई पोय हातात घेतात, दाबून बघतात,
आणि मी तिथे असले तर
माझ्याकडे बघून म्हणतात,
"थंड."